संगणक सुरू करताना हार्ड डिस्क खराब होत असल्याची सूचना येते, पण एफ१ दाबलं की सगळं नीट चालतं. फॉर्मॅट केल्यावर सूचना जाईल का?

नाही जाणार. आणि हे उत्तर त्याच संगणकावर वाचत असाल तर तो बंद करा, मोबाइलवर वाचा.

‘एफ१ दाबलं की चालतंय ना’ असं म्हणत मीही तीन आठवडे काढले होते. काळ्या पडद्यावर ‘बॅकअप अँड रिप्लेस’ असं स्पष्ट लिहिलेलं यायचं आणि मी ते न वाचताच बोट एफ१वर ठेवायचो.

ही सूचना विंडोजची नसते, खुद्द डिस्कची असते. डिस्कमध्ये ‘स्मार्ट’ नावाची यंत्रणा असते, ती स्वतःच्या चुकांची नोंद ठेवते. एखादा सेक्टर (डिस्कवरचा डेटा साठवायचा छोटा कप्पा) खराब झाला की डिस्क राखीव जागेतला दुसरा त्याच्या जागी लावते आणि तुम्हाला त्याचा पत्ताही लागत नाही. असं झाकून नेणं हाताबाहेर गेलं की मग ती बोलते. त्या नोंदी डिस्कच्या स्वतःच्या फर्मवेअरकडे (डिस्क चालवणाऱ्या तिच्या आतल्या प्रोग्रॅमकडे) असतात, म्हणून फॉर्मॅट करून पुसल्या जात नाहीत.

मी पहिली चूक केली ती विंडोजमधली ‘चेकडिस्क’ ही तपासणी खराब सेक्टर शोधायच्या पर्यायासह चालवण्याची. दुरुस्ती होईल असं वाटलं. पण त्या पर्यायात ती पूर्ण डिस्क कोपरान्‌कोपरा वाचते, तासन्‌तास. थकलेल्या डिस्कला आपण शर्यतीत पळवतो तसं ते. सकाळी फोल्डर उघडलं तर फाइलींची नावं सगळी जागेवर होती, पण कित्येक फोटो वरून अर्धे ठीक आणि खाली सपाट करडे. आधी कॉपी करून मग तपासलं असतं तर ते वाचले असते.

तेव्हा आधी कॉपी. तीही दुसऱ्या डिस्कवर. डी ड्राइव्ह ही बहुतेक वेळा त्याच डिस्कची दुसरी खोली असते, तिथे ठेवून काही वाचत नाही. सुरुवात फोटो, कागदपत्रं, हिशेब यांच्यापासून करा, सिनेमे शेवटी. एखाद्या फाइलवर कॉपी अडकली तर तिच्याशी झटत बसू नका, सोडून पुढे जा. लिनक्स येत असेल तर ‘डीडीरेस्क्यू’ उत्तम: ते धड भाग आधी उचलतं, अडलेल्या जागांकडे नंतर वळतं आणि मध्येच थांबलं तरी तिथूनच पुढे सुरू करता येतं.

कॉपी झाल्यावर हवं तर ‘स्मार्ट’च्या नोंदी दाखवणारं ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ टाकून बघा. ०५, सी५ आणि सी६ या ओळी महत्त्वाच्या. सी५ म्हणजे वाचता न आल्यामुळे निकालाच्या प्रतीक्षेत असलेले सेक्टर. माझ्याकडे तो आकडा रात्री ८ होता, सकाळी ६८. (हे सॉफ्टवेअर मूळ आकडे हेक्साडेसिमलमध्ये, म्हणजे सोळाच्या पटीतल्या मोजणीत दाखवतं, १० दिसलं तर ते १६ समजा.) फक्त सी७ वाढत असेल तर दोष बऱ्याचदा केबलचा असतो, ती बदलून पाहा.

किती दिवस चालेल, हे कुणी सांगू शकणार नाही. गुगलने २००७ मध्ये एक लाखाहून जास्त डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात पहिली स्कॅन त्रुटी (डिस्कने स्वतःचा पृष्ठभाग तपासताना सापडलेली चूक) दिसलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट निघाली. त्याच अभ्यासात बंद पडलेल्या निम्म्याहून अधिक डिस्कांनी ‘स्मार्ट’च्या मुख्य निर्देशकांत काहीच दाखवलं नव्हतं. तुमची निदान सांगते तरी आहे.

टकटक आवाज येत असेल तर मात्र वरचं काहीच करू नका. वीज काढा आणि डेटा खरंच मोलाचा असेल तर रिकव्हरीवाल्यांकडे द्या. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्ला कुणी देईल, तो ऐकू नका.

वॉरंटी शिल्लक आहे का ते डिस्कवरच्या सिरियल नंबरवरून कंपनीच्या संकेतस्थळावर कळतं. नसेल तर ‘जास्तीची’ म्हणून ती खणात जपू नका. मी जपली होती, आणि सहा महिन्यांनी त्याच डिस्कवर पुन्हा बॅकअप घ्यायला निघालो होतो.