मॅडम, डॉक्टरांना सांगा ना, सिझरच करा म्हणून

पहिलटकरणीला सातवा महिना सरला की तिचा प्रश्न ठरलेला असतो, विचारायची तऱ्हा तेवढी वेगळी. कुणी म्हणतं, "नॉर्मलला नेमकं किती दुखतं हो?" कुणी म्हणतं, "मला साधं इंजेक्शन घ्यायचं तरी घाम फुटतो, मी काय कळा देणार?" कुणी गप्पच बसते आणि शेजारची आई सांगते, "रात्र रात्र डोळ्याला डोळा नाही बघा हिच्या." सांगलीत समुपदेशन करताना ही धास्ती इतकी ऐकली आहे, की एका मुलीची हकीकत सविस्तर सांगावीशी वाटते. तिला विचारूनच लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तिला सायली म्हणू. माहेर तासगावकडचं, द्राक्षबागा असलेलं घर. सासर कराडजवळ, नवरा पुण्यात कंपनीत. स्वतः पतसंस्थेत कॅशियर. बाळंतपणाला माहेरी आली आणि त्याच आठवड्यात आईला घेऊन माझ्यासमोर बसली. "मॅडम, मला सिझरच करायचंय. डॉक्टर म्हणतात, बाळाचं डोकं खाली आहे, बीपी-शुगर ठीक आहे, गरजच नाही. तुम्ही सांगा ना त्यांना, मुलीच्या मनाची तयारी नाही म्हणून."

आई लगेच म्हणाली, "अगं, काय न्हाई होत. आम्ही न्हाई का बाळंत झालो?" हे म्हणताना त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या, पुन्हा गुंडाळत होत्या.

"काय न्हाई होत" या वाक्यानं मी तरी आजवर कुणाची भीती गेलेली पाहिली नाही. मुलीला कळतं की काहीतरी होतंच, आणि मग तिला वाटतं, ही माणसं माझ्यापासून लपवतायत. मी दुखत नाही असं कधीच सांगत नाही. दुखतं, बऱ्याच जणींना खूप दुखतं. हल्ली "वेदनारहित नैसर्गिक प्रसूती"ची हमी देणारे वर्ग निघालेत, त्यांच्यावर माझा राग आहे. तिथून शिकून गेलेली मुलगी पहिली सणसणीत कळ आली की समजते, आपलंच काहीतरी चुकलं.

सायलीला मी विचारलं, "डोळे मिटलेस की काय दिसतं?"

ती म्हणाली, "दार."

नववीत असताना चुलत वहिनीच्या बाळंतपणाला ती डबा घेऊन गेली होती. बाहेर बाकावर बसून राहिली. आतून किंचाळ्या येत होत्या, मग कुणीतरी खेकसलं, "आता कशाला ओरडतेस?" आणि मग सगळं शांत. वहिनी सुखरूप होती, बाळही छान होतं. पण आत काय झालं ते हिला कुणी सांगितलं नाही, हिनंही विचारलं नाही. लहान मुलीनं उरलेली गोष्ट स्वतःच्या मनानं रचली आणि बारा-तेरा वर्षं जपून ठेवली.

मी तिच्याकडे कागद सरकवला. भीती एकेक करून लिही आणि प्रत्येकीला दहापैकी गुण दे. कॅशियर मुलगी, आकडे मांडायला तिला बरं वाटलं. आत एकटीला ठेवतील: नऊ. कुणीतरी अंगावर ओरडेल: नऊ. जोर लावताना संडास होईल, सगळ्यांसमोर: आठ. कळा: सहा. कागद माझ्याकडे न देता ती स्वतःच बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली.

असं वारंवार दिसतं. "कळांची भीती" या नावाखाली तीन-चार वेगळ्या भीती असतात आणि प्रत्येकीचा इलाज वेगळा. सिझरनं यातली एक टळते, तीही अर्धीच. ऑपरेशन होताना दुखत नाही, पण नंतर टाके दुखतात, आणि तेव्हा कडेवर बाळ असतं. पुढच्या खेपेला गर्भाशयावरच्या व्रणामुळे काही धोके वाढतात. गरज असेल तेव्हा सिझर आई आणि बाळ दोघांचे प्राण वाचवतं, त्याला नाक मुरडण्यात अर्थ नाही. पण 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सरकारी दवाखान्यांत सिझरचं प्रमाण 14 टक्क्यांच्या आसपास आणि खासगीत 47 टक्क्यांच्या आसपास होतं. एवढा फरक निव्वळ शरीराच्या गरजेमुळे पडत नाही.

संडासाचं आधी घेतलं, कारण ते कुणीच बोलत नाही. बाळाचं डोकं खाली येताना गुदाशयावर दाब पडतो. त्यामुळे जोर लावताना थोडी संडास होणं अगदी नेहमीचं. सिस्टर ती पुसून टाकतात आणि विसरून जातात. त्यांच्या लेखी ते बाळ खाली सरकत असल्याचं लक्षण. हे ऐकून सायली लाजली, मग हसली. आई म्हणाल्या, "व्हय, तसंच असतंय." त्या दिवशी आईंनी मनापासून उच्चारलेलं पहिलं वाक्य तेच असावं.

मग कळांचा हिशेब. गर्भाशयाच्या वरच्या भागाचे स्नायू आखडतात आणि खालचं तोंड हळूहळू वर ओढून उघडतात, दहा सेंटिमीटरपर्यंत. एक कळ साधारण मिनिटभराची. चढते, टोकाला जाते, उतरते. कळा पाच-पाच मिनिटांनी येत असतील तर तासाभरात बारा मिनिटं कळ आणि अठ्ठेचाळीस मिनिटं मोकळी. शेवटी शेवटी हे गणित बिघडतं, कळा दोन-तीन मिनिटांवर येतात आणि दीड मिनिटापर्यंत लांबतात, तेही सांगून ठेवते. "आता माझ्याच्यानं होत नाही" असं वाटू लागतं ते बहुधा याच टप्प्यावर, आणि तोवर बरंच अंतर कापलेलं असतं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2018 साली स्पष्ट केलंय की कळांनी वेग घेतल्याचा टप्पा पाच सेंटिमीटरपासून धरायचा, पहिल्या बाळंतपणात तो बारा तासांपर्यंत चालू शकतो, आणि तासाला एक सेंटिमीटर उघडलंच पाहिजे हा हट्ट धरायचा नाही. बाहेर बसलेल्या काकवा-मावश्यांनाही हे ठाऊक असायला हवं. "अजून कशी सुटली नाही?" हे वाक्य दाराच्या फटीतून आत जातं.

ग्रँटली डिक-रीड नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांनी 1930 च्या दशकात मांडलं होतं की भीतीनं अंग आखडतं, आखडल्यानं जास्त दुखतं आणि दुखलं की भीती वाढते. सगळ्या वेदनेचं मूळ भीतीत आहे असं मी मानत नाही, पण हे चक्र खरं आहे. घाबरल्यावर अॅड्रेनालिन वाढतं आणि सुरुवातीच्या कळा त्यानं मंदावूही शकतात. चक्र तोडायची सोपी जागा म्हणजे अंग सैल सोडणं, पण "सैल सोड" म्हणून कुणाचं अंग सैल पडत नाही. सराव लागतो.

सराव आम्ही बर्फावर करतो. सायलीच्या मुठीत बर्फाचा खडा दिला आणि घड्याळ लावलं. पहिल्या खेपेला तिनं खांदे कानापर्यंत नेले, दात आवळले, दुसऱ्या हाताची मूठ वळली, पायाची बोटं चपलेत आक्रसली. मिनिट संपायच्या आत खडा टेबलावर. हात कोरडा करून थोडं थांबलो. दुसऱ्या खेपेला सांगितलं, बर्फाचा हात तसाच राहू दे, बाकी कुठे कुठे आवळलंयस ते शोध आणि एकेक सोड. आधी जबडा. श्वास चार आकड्यांत आत, सहा आकड्यांत बाहेर. या वेळी मिनिट पुरं झालं. "दुखत तेवढंच होतं," ती म्हणाली, "पण या वेळी ते फक्त हातात होतं." बर्फाची आणि कळांची बरोबरी नाही, हे मी तिला तिथंच सांगितलं. शिकायचं एवढंच की दुखणाऱ्या जागेपायी सगळं अंग ओलीस द्यायचं नाही.

आवाजाचंही बोललो. ओरडायचं नाही, असा नियम कुठंही नाही. आपल्याकडे बाई "आई गं" म्हणतेच, तर ते खालच्या सुरात, लांबवून म्हणावं. उंच किंचाळीत घसा आणि छाती आवळते, खालच्या सुरात श्वास आपोआप लांब होतो.

दरम्यान मला आईंची काळजी वाटू लागली होती. त्यांना एकट्यांना बोलावलं. बऱ्याच इकडच्या तिकडच्या गप्पांनंतर सायलीच्याच जन्माची गोष्ट निघाली. तालुक्याच्या दवाखान्यात कुणीतरी त्यांच्या मांडीवर चापट मारून म्हटलं होतं, "तेव्हा बरं गोड लागलं." ही गोष्ट त्यांनी नवऱ्यालाही सांगितली नव्हती. "आता पोरीला कसं सांगू ओ मॅडम?" त्यांनी विचारलं. तोंडानं सांगितली नव्हती, पण पोरीची झोप उडाली होती त्यात आईच्या चेहऱ्याचाही वाटा होता.

म्हणून प्रश्न आला, आत सोबत कोण जाणार? सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवायला केंद्र सरकारनं 2016 पासून मुभा दिली आहे, जागतिक आरोग्य संघटनेचीही तशी शिफारस आहे. खासगीत आधी विचारून ठेवावं लागतं. आईंनी स्वतःच सांगितलं, "मी आत गेले तर मलाच चक्कर यायची." नवरा पुण्याहून वेळेत पोचेल याची खात्री नव्हती. सायलीनं हळूच नाव घेतलं ते मोठ्या जाऊबाईंचं. दोन बाळंतपणं झालेली, स्वभावानं धीराची, थोडी फटकळ. माहेरच्या बाळंतपणात सासरची जाऊ आत? सासूबाईंच्या भुवया वर गेल्या, इकडे मामी म्हणाल्या, "लोकं काय म्हणतील, आई मेली का हिची?" दोन्ही घरांत आठवडाभर तेच चाललं. मी त्यात पडले नाही. जाऊबाईंनी मात्र स्वतः फोन करून विचारलं, "मला काय करायचंय तेवढं दाखवा, बाकीचं मी बघते." त्यांना दाखवलं: कळ आली की माकडहाडाच्या वर तळहाताच्या टाचेनं घट्ट दाबून धरायचं, ती सांगेल तितकं. कळ गेली की पाण्याचा घोट. "जोर लाव, जोर लाव" आपण म्हणायचं नाही, ते सिस्टर सांगतील.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न सायलीनं लिहून नेले. मिरजेला दवाखान्यांना तोटा नाही, तरी सोय प्रत्येक ठिकाणी वेगळी. सोबतीण चालेल का? कळा सुरू असताना चालता-फिरता येईल का? एपिड्युरल, म्हणजे कळा कमी जाणवाव्यात म्हणून पाठीच्या कण्यापाशी देतात ती भूल, द्यायला भूलतज्ज्ञ रात्रीही मिळतात का? एपिड्युरल घेणं म्हणजे हरणं, असं मानणाऱ्यांशी माझं जमत नाही. सोय असेल आणि हवंसं वाटलं तर घ्यावं, नसेल तर नसल्याचं आधी कळलेलं बरं. तिच्या डॉक्टरांनी सांगितलं, भूलतज्ज्ञ बाहेरून बोलवावे लागतात, वेळ लागेल. आणि कुणी ओरडलं तर? डॉक्टर हसले नाहीत, हे मला आवडलं. त्यांनी वॉर्डच्या सिस्टरना बोलावून तिची ओळख करून दिली आणि लेबर रूम उघडून दाखवली. सायली आत जाऊन टेबलाला हात लावून आली. तिच्या झोपेसाठी माझ्या सगळ्या बैठकांपेक्षा ती पाच मिनिटं जास्त कामाची ठरली, असं मला वाटतं. भीती याहून खोल असती, तपासण्याच टाळण्यापर्यंत किंवा जिवाचं बरंवाईट करण्याच्या विचारापर्यंत गेली असती, तर मी तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं आणि सिझरच्या मागणीचाही वेगळा विचार झाला असता.

नवव्यात घरच्यांनी एरंडेलाची बाटली काढली होती, म्हणजे "लवकर सुटेल". ती मी ठेवून द्यायला लावली. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एरंडेल नाही. घरी थांबण्यालाही मर्यादा असते, ते कागदावर लिहून फ्रीजवर लावलं: पाणी गेलं, अंगावरून रक्त गेलं, बाळाची हालचाल कमी वाटली, तर कळांची वाट न बघता निघायचं. गाडी नसेल तर 102 किंवा 108.

कळा मध्यरात्रीनंतर सुरू झाल्या, बाळ दुसऱ्या दिवशी दुपारी जन्मलं. मुलगी. नॉर्मल, टाके पडले. आठव्या दिवशी फोनवर सायलीनं सांगितलं, "श्वासाचं निम्म्या वेळा विसरलेच. ओरडले पण, चांगली ओरडले. ताईंचा हात मात्र एकदाही सुटू दिला नाही. त्यांच्या मनगटावर वळ उठलेत." मधे एकदा ती "मला घरी न्या" म्हणाली होती, तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, "नेते की, आधी बाळाला बाहेर तर येऊ दे."

बाळंतपणानंतर मी प्रत्येकीला सगळी गोष्ट पहिल्यापासून क्रमानं सांगायला लावते. मधे जी जागा गाळलेली असते, तिथं पुढच्या खेपेची भीती घर करते. सायली एका ठिकाणी अडली. डोकं बाहेर आल्यावर सगळे एकदम गप्प झाले होते, डॉक्टर फक्त "थांब, जोर नको" म्हणाले. का, ते तिला कळलं नव्हतं आणि आता रात्री तेच आठवत होतं. मला तरी ते काय ठाऊक असणार? टाके दाखवायला जाशील तेव्हा हाच प्रश्न विचार, म्हटलं.

तिनं विचारला. बाळाच्या मानेभोवती नाळेचा एक वेढा होता, पुष्कळ बाळांना असतो. तो बोटानं सोडवून घेईपर्यंत त्यांनी तिला थांबवलं होतं. डॉक्टरांना हे सांगायला अर्धं मिनिट लागलं. बाहेर आल्यावर सायलीनं हे आधी आईला सांगितलं आणि मग मला फोन केला.