अ‍ॅरिस्टोच्या २जेझेड-जीटीई इंजिनाला मॅन्युअल गिअरबॉक्स बसतो का?

बसतो, आणि छान बसतो. टोयोटाने टर्बो अ‍ॅरिस्टो ही सेडान फक्त ऑटोमॅटिकमध्ये विकली, पण हेच टर्बो इंजिन टोयोटाच्याच सुप्रा या स्पोर्ट्स कारला ६ गिअरच्या गेट्राग व्ही१६० सोबत मिळत होतं. तो गिअरबॉक्स आज भयंकर महाग आहे, म्हणून बरेच जण टोयोटाचाच ५ गिअरचा आर१५४ घेतात. घेताना जेझेड इंजिनाचं बेलहाउसिंग (गिअरबॉक्स इंजिनाला जोडणारं पुढचं कवच) सोबत आहे ना, ते नक्की बघा. आर१५४ दुसऱ्या इंजिनांनाही लागायचा आणि त्यांचं बेलहाउसिंग इथे बसत नाही.

खरी फसगत क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य शाफ्टच्या, टोकाशी होते. ऑटोमॅटिकच्या क्रँकमध्ये पायलट बेअरिंग नसतं. गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं टोक त्याच बेअरिंगमध्ये फिरतं, त्यामुळे ते आठवणीने ठोका. फ्लायव्हीलचे बोल्टही वेगळे घ्या, फ्लेक्सप्लेटचे (ऑटोमॅटिकमध्ये फ्लायव्हीलच्या जागी असणाऱ्या पातळ चकतीचे) आखूड पडतात. बेलहाउसिंग इंजिनावर नेमकं बसवणाऱ्या दोन्ही डॉवेल पिना जागेवर हव्यातच. मग क्रँकला डायल गेज (काट्याचं मापक) लावून बेलहाउसिंगचं भोक मोजा. पूर्ण फेरीत काटा साधारण ०.१३ मिलिमीटरपेक्षा जास्त हलला, तर गिअरबॉक्स चढवू नका. तिरका बसला की क्लच आणि बेअरिंग दोन्ही लवकर जातात.

क्लच पेडल आणि क्लच दाबणारे मास्टर व स्लेव्ह सिलिंडर लागणारच. प्रॉपेलर शाफ्ट (मागच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा) मात्र गिअरबॉक्स बसवल्यावर माप घेऊन करून घ्या, अंदाजाने नको. ईसीयूही (इंजिनाचा कॉम्प्युटर) मॅन्युअलसाठी ट्यून करून घ्या, नाहीतर तो जुना ऑटोमॅटिक बॉक्स शोधत राहतो आणि एरर दाखवतो.