सासूबाईंना घेऊन कन्याकुमारी: गाडीने की रेल्वेने?

प्रश्न: आम्ही दोघं आणि ७२ वर्षांच्या सासूबाई दिवाळीनंतर कोल्हापूरहून कन्याकुमारीला निघतोय. त्यांचे गुडघे दुखतात. गाडी बरी की रेल्वे?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर: ताई, आधी तारीख बदला. ऑक्टोबर ते डिसेंबर तमिळनाडूत परतीच्या मोसमी वाऱ्यांचा पाऊस असतो. जानेवारीत जा.

रेल्वेने जायचं तर मिरज गाठा, तिथून बेंगळुरू, तिथून केरळमार्गे कन्याकुमारीची रोजची गाडी. सासूबाईंना आडवं होता येईल, पण खालचा बर्थ मिळाला तरच. शिवाय बेंगळुरूला सामानासकट रेल्वे बदलणं आलंच. गुडघेदुखीवाल्या माणसाला तेच जड जातं.

मी गाडीच निवडेन. एका बाजूचं अंतर साधारण १,३०० किलोमीटर. लिटरला १५ किलोमीटर धरले तर जाऊन-येऊन पावणेदोनशे लिटर इंधन लागेल, टोल वेगळा. मात्र घाई नको. मी वडिलांना घेऊन एका दिवसात बेंगळुरू गाठलं होतं. रात्री त्यांचे पाय इतके सुजले की चप्पल चढेना. ती चूक मला अजून टोचते.

म्हणून पहिला मुक्काम चित्रदुर्गला, दुसरा सेलमला. बेंगळुरू शहरात शिरू नका. तुमकूर रस्त्यावरून नाइस रोड या बाहेरवळण रस्त्याने थेट होसूर रस्त्याला लागा. दर दोन तासांनी थांबून त्यांना दहा मिनिटं चालवा. पुढची सीट त्यांनाच द्या, पाय लांब करता येतात. आणि भडंगाचा डबा त्यांच्या हाताशी ठेवा.