ऑस्ट्रेलियात वणव्यात माणसं मरतात, तसं आपल्या विदर्भात का होत नाही? ऊन तर इथेही तेवढंच असतं!

उन्हाचं म्हणाल तर खरंच फरक नाही. ७ फेब्रुवारी २००९, ‘ब्लॅक सॅटर्डे’ला, मेलबर्नचा पारा ४६.४ अंशांवर होता. नागपूरकराला मे महिन्यात त्याचं काय अप्रूप! पण त्या आगींत व्हिक्टोरिया राज्यात १७३ माणसं गेली. तिथला इतिहासच तसा आहे: १८५१ मध्ये राज्याचा सुमारे पाव भाग जळला, १९३९ मध्ये ७१ बळी, १९८३ च्या ‘ॲश वेन्सडे’ला शेजारचं साउथ ऑस्ट्रेलिया धरून ७५.

खरा फरक झाडांचा आणि वाऱ्याचा. तिथली जंगलं निलगिरीची, आणि निलगिरीच्या पानांत तेल असतं. तिच्या सालीच्या लांब पट्ट्या जळत जळत उडतात, काही किलोमीटर पुढे जाऊन पडतात आणि तिथे नवी आग धरते. त्यात संध्याकाळी वारा फिरला, की आगीची लांबलचक कूसच तिचं तोंड होऊन बसते. २००९ ला नेमकं हेच झालं.

आपल्या पेंच-मेळघाटात साग, पानगळीचा. वणवा लागतो तो खाली पडलेल्या पाल्याला आणि बहुधा जमिनीलगतच सरकत जातो. लावणारा बहुतेक वेळा माणूसच. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवायचा, मग तो आवरत नाही. म्हणून तर वनखातं उन्हाळ्याआधी जाळरेषा काढतं, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत-पाला काढून मोकळे ठेवलेले पट्टे.

तरी ‘इथे माणसं मरत नाहीत’ हे काही खरं नाही. एप्रिल २०२१ मध्ये नागझिऱ्यात आग विझवताना ३ मजुरांचा जीव गेला.