निलगिरीची टिश्यू कल्चर रोपं होतात का?

प्रश्न : नमस्कार सर, आमच्या बांधावर वडिलांनी लावलेल्या निलगिरी आहेत, त्यातली एक एकदम सरळसोट आणि जाड झालीय. तिच्यासारखीच रोपं पाहिजेत पण फांद्या लावल्या तर मुळंच फुटत नाहीत, केळीसारखं टिश्यू कल्चर होईल का? – एक शेतकरी, आजरा (जि. कोल्हापूर)

उत्तर : होतंय की दादा! बियांपासून केली तर सगळी सारखी येणार नाहीत, परागीकरण बहुतेक दुसऱ्या झाडाकडून होतं. आणि फांद्या लागत नाहीत कारण झाड मोठं झालं की वरच्या फांद्यांची मुळं धरायची ताकद जाते, म्हणून लॅबलासुद्धा शेंड्याची फांदी देऊ नका. झाड बुंध्यापाशी तोडलं की जे नवे धुमारे येतात ते द्या. तोडायचं जिवावर येत असेल तर जाड फांद्यांचे तुकडे सावलीत ओलसर ठेवा, त्यावरही कोंब येतात.

लॅबमध्ये एका डोळ्याचा तुकडा निर्जंतुक करून आगरच्या माध्यमात (जेलीसारख्या पोषक खाद्यात) ठेवतात, बीएपी या संप्रेरकानं (वाढीच्या द्रव्यानं) फुटवे वाढवतात, आयबीए या दुसऱ्या संप्रेरकानं मुळं आणतात. खरा त्रास सुरुवातीलाच, कापलेल्या जागेतून फिनॉल नावाची झाडातलीच रसायनं सुटून माध्यम काळं पडतं आणि कोंब मरतो, तेव्हा तो भराभर नव्या बाटलीत हलवावा लागतो.

रोपं आली की लगेच उन्हात ठेवू नका हां, बाटलीतल्या पानावर मेणाचा थर नीट नसतो, तासाभरात माना टाकतात. आधी शेडनेटमध्ये, दमट हवेत, मग हळूहळू बाहेर. शे-दोनशे रोपांसाठी लॅबचा खर्च परवडणार नाही, त्यापेक्षा लॅबकडून थोडीच मातृरोपं करून घ्या आणि त्यांच्या कोवळ्या शेंड्यांची कलमं करा, ती छान लागतात.