मसाला आधी, मासळी नंतर

प्रश्न : आम्ही साताऱ्याहून ऐरोलीला राहायला आलो. शेजारच्या आगरी काकूंच्या हातचे तिसऱ्यांचे (शिंपल्यांचे) सुके खाल्ल्यापासून मी ते घरी करून पाहते आहे. पण माझ्या तिसऱ्या दाताखाली कचकचतात आणि चामटही होतात. काकूंना विचारले, की त्या ‘अंदाजानं कर’ एवढेच सांगतात. नेमकी पद्धत कळवावी.
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : आपल्या दोन्ही तक्रारींची कारणे वेगवेगळी आहेत. तिसरी वाळूत पुरून राहते आणि पाणी गाळून त्यातील अन्नकण खाते, त्यामुळे रेती कवचाच्या आतही असते. नळाखाली कितीही धुतले तरी ती निघत नाही, कारण गोड्या पाण्यात तिसरी कवच मिटून घेते. तिला समुद्राइतके खारट पाणी द्यावे लागते. एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम, म्हणजे दोन मोठे चमचे मीठ विरघळवावे, पसरट भांड्यात तिसऱ्या जेमतेम बुडतील इतके ते पाणी घालावे आणि भांडे गार, अंधाऱ्या जागी दोन तास ठेवावे. झाकण घट्ट लावू नये. नंतर तिसऱ्या हाताने उचलून घ्याव्यात. भांडे चाळणीवर ओतले, तर तळाशी बसलेली रेती पुन्हा त्यांच्यावरच येते. ज्यांचे तोंड उघडे आहे आणि टिचकी मारूनही मिटत नाही, त्या मेलेल्या समजून आधीच टाकून द्याव्यात.

चामटपणा येतो तो शिजवण्याच्या वेळेमुळे. अनेक घरांत कच्च्या मसाल्यातच तिसऱ्या घालतात आणि मग कांदा शिजेपर्यंत त्याही शिजत राहतात. कांद्याला वीस मिनिटे लागतात, तिसरीला पाचही पुष्कळ होतात. म्हणून कांदा, आले-लसूण-कोथिंबिरीचे वाटण, हळद आणि आगरी मसाला तेल सुटेपर्यंत पूर्ण परतून घ्यावा. दुसरीकडे अर्धी वाटी पाणी उकळून त्यात तिसऱ्या झाकून ठेवाव्यात आणि तोंडे उघडली, की लगेच उतरवाव्यात. सराईत हात त्या विळीवर कच्च्याच उघडतात, परंतु नवख्याने त्या वाटेला जाऊ नये. वाफेनंतरही ज्या मिटलेल्या राहतील त्या टाकाव्यात. भांड्यात सुटलेले पाणी मात्र अजिबात फेकू नये, कारण खरी चव त्यातच असते. ते निवळू द्यावे आणि वरचे तेवढे मसाल्यात घालावे. हे पाणी मुळातच खारट असल्याने मीठ अगदी शेवटी, चाखून घालावे. त्यानंतर तीन-चार आमसुले, उघडलेल्या तिसऱ्या आणि मूठभर ओले खोबरे घालून चार-पाच मिनिटांत भांडे उतरवावे.

एक गोष्ट आपण विचारलेली नाही, तरी ऐरोलीच्या पत्त्यामुळे सांगावीशी वाटते. ओहोटीच्या वेळी खाडीकाठच्या नाल्यांजवळ कोणी सहज गोळा केलेल्या शिंपल्या घेऊ नयेत. पाणी गाळून खाणारा हा जीव त्या पाण्यातील घाणही साठवतो. उकळल्याने जंतू मरतात, पण ठाणे-बेलापूर पट्ट्यासारख्या औद्योगिक भागातील पाण्यात जड धातू असले तर ते उकळून जात नाहीत. माल कोठून आला हे कोळिणीला बिनदिक्कत विचारावे, ती सांगते.

प्रश्न : कोलंबी भात करताना भात उत्तम होतो, पण कोलंबी रबरासारखी लागते. कोलंबी गोठवलेली असते, हे त्याचे कारण असेल का?
– एक वाचक, घोडबंदर रस्ता, ठाणे

उत्तर : गोठवलेल्या मालाला उगाच दोष लागतो. तांदळाबरोबर पंधरा मिनिटे शिजलेली ताजी कोलंबीही तशीच होईल. कोलंबीची डोकी आणि कवचे थोड्या तेलात लाल होईपर्यंत परतावीत, पाणी घालून ती वीस मिनिटे उकळावीत, गाळावीत आणि त्या पाण्यात भात शिजवावा. हळद-मीठ लावलेली कोलंबी दोन मिनिटे परतून बाजूला ठेवावी व भात दमाला लावतानाच वर पसरावी. ती अर्धचंद्रासारखी वळली की झाली. गोल वेटोळे झाले, तर वेळ टळून गेली. गोठवलेली कोलंबी रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात सुटू द्यावी, ओट्यावर नव्हे.

प्रश्न : संध्याकाळी बाजारातून आणलेले बांगडे रात्री तळून खाल्ले. अर्ध्या तासात आम्हा चौघांचेही चेहरे लाल झाले, अंगाला खाज सुटली. आम्हाला माशांची ॲलर्जी झाली आहे का?
– एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : चौघांनाही एकाच वेळी त्रास झाला, यावरून ॲलर्जीपेक्षा हिस्टामिनच्या (ॲलर्जीसारखीच लक्षणे आणणाऱ्या रसायनाच्या) विषबाधेची शक्यता अधिक वाटते, निदान अर्थातच डॉक्टरांनी करावे. बांगडा, सुरमई, कुपा, तारली या माशांच्या मांसात हिस्टिडिन हे अमिनो आम्ल भरपूर असते आणि मासा बर्फाशिवाय उबेत राहिला, की जिवाणू त्याचे हिस्टामिन बनवतात. एकदा बनलेले हिस्टामिन तळून, उकळून किंवा गोठवूनही नष्ट होत नाही. लिंबू-हळद चोळण्याचाही उपयोग नाही. वासावरून ते ओळखता येईलच असेही नाही. कधी जिभेला तिखट चुरचुर जाणवते, तसे झाल्यास घास तिथेच थांबवावा. पूर्ण दिवस पाटीवर बर्फाशिवाय राहिलेला बांगडा स्वस्त मिळाला, तरी तो घेण्यात शहाणपण नाही. मासळी बाजारहाटात सर्वांत शेवटी घ्यावी आणि घरी येताच फ्रिजमध्ये ठेवावी. श्वासाला त्रास होऊ लागला किंवा घसा सुजला, तर मात्र कारणाचा विचार करत न बसता रुग्णालय गाठावे.

कवचाच्या मासळीची ॲलर्जी ही निराळी गोष्ट आहे. ती बहुधा घरातील एखाद्यालाच असते, ताज्या कोलंबीनेही होते आणि तिला कारणीभूत असलेले ट्रोपोमायोसिन हे प्रथिन शिजवल्यानेही निष्प्रभ होत नाही.

प्रश्न : जून-जुलैत मासेमारी बंद असताना काय करावे?
– एक वाचक, नेरूळ

उत्तर : पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना बंदी असते. त्या काळात ‘आजचेच आहे’ असे सांगून विकले जाणारे मोठे पापलेट बहुधा शीतगृहातील असते, आणि ताज्याच्या भावाने ते घेण्याचे कारण नाही. सोडे, म्हणजे सोलून सुकवलेली कोलंबी, आणावेत. ते कोरडेच मंद आचेवर भाजून, कोमट पाण्यात पंधरा मिनिटे भिजवून, वांग्या-बटाट्याच्या रश्श्यात घालावेत. सुकी मासळी खारट असू शकते, हे मीठ घालताना ध्यानात ठेवावे.