गिअरबॉक्स वाचवायचाय? आधी रेडिएटर बघ

भावा, जुनी ऑटोमॅटिक पिकअप घेतलीस ना, मग हापूसच्या पेट्या भरून आंबा घाट चढवण्याआधी रेडिएटर बघ. गिअरबॉक्सचं तेल थंड करणारा कूलर बहुतेकदा त्याच्याच टाकीत असतो. तो आतून गंजून फुटला की कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं रेडिएटरमधलं पाणी, तेलात शिरतं आणि गिअरबॉक्समधल्या क्लच प्लेटचं चिकटवलेलं अस्तर सुटायला लागतं. गिअरबॉक्सच्या डिपस्टिकवर, म्हणजे तेल बघायच्या कांडीवर, तेल गुलाबी, दुधाळ दिसलं तर इंजिन चालूच करू नकोस, गाडी टो ट्रकवर चढवून ने. रेडिएटर जुना असेल तर सरळ नवा टाक. नाहीतर बाहेर वेगळा कूलर लावून तेलाचे पाईप थेट त्याला जोड. मला हेच बरं वाटतं. फक्त आपल्या खाऱ्या वाऱ्यात त्याचे जोड वरचेवर तपास. आणि कूलंटमध्ये विहिरीचं पाणी ओतू नकोस रे!